पराक्रमाची टाकी फुल्ल

जून उजाडला की पुण्या-मुंबईच्या स्टेशनांवरून मोटारसायकली गोणपाटात गुंडाळून उत्तरेकडे रवाना होतात. रेल्वेच्या नियमाप्रमाणे टाकी रिकामी करूनच गाडी पार्सलात घेतात. स्वाराच्या अंगातला पराक्रम मात्र तसाच भरलेला ठेवायला परवानगी आहे. मोहीम बहुधा हिमाचलातल्या स्पीतीची असते आणि लक्ष्य असते कोमिक हे गाव, उंची सुमारे ४,५८७ मीटर. खालच्या काझा गावातल्या पंपावर टाकी भरायची, चढ चढायचा, फोटो काढायचा आणि उतरायचे. हा आनंद कुणाचा हिरावून घ्यायचा नाही. पण उतरल्यावर त्याचे वीरचरित्र होते, आणि तिथे हिशेब तपासायला हवा. मोटारसायकल आणि पेट्रोल जिथवर पोचते, तिथवरचा पराक्रम आधीच कुणीतरी करून ठेवलेला असतो. बाकी उरते ते आयत्या पिठावर रेघोट्या ओढणे.

आधी पाटीचा पुरावा घेऊ, कारण चढ चढायचा तो पाटीसाठीच. मोटाररस्त्याने जोडलेले जगातले सर्वांत उंच गाव, असे कोमिकमधली पाटी सांगते. पेरूमधले ला रिंकोनाडा हे खाणकामगारांचे गाव याहून पाचेकशे मीटर वर आहे आणि तिथे गाड्या जातात. पण पुण्याहून पेरू लांब पडतो, त्यामुळे विक्रम अबाधित. लडाखच्या खारदुंग ला खिंडीत तर १८,३८० फुटांची पाटी वर्षानुवर्षे मिरवत होती. उपग्रहाच्या मोजणीने खिंड १७,५८२ फुटांवर आणली. आठशे फूट गेले, पण त्या आठशे फुटांवरून काढलेले फोटो कुणी परत घेतल्याचे ऐकिवात नाही.

आता रस्ता. स्पीतीच्या वाटेवरची कुंझुम खिंड दर हिवाळ्यात बर्फाखाली जाते आणि दर उन्हाळ्यात ती उकरून काढावी लागते. हिमालयातले असे रस्ते फोडायला आणि राखायला सीमा सडक संघटनेकडे जे मजूर येतात, त्यांतले कित्येक झारखंडच्या दुमका भागातले, सखल प्रदेशातले. पातळ हवेत दिवसभर दगड फोडणाऱ्या या माणसांच्या गुडघ्यांना गार्ड नसतात. त्यांच्या शेजारून गुडघ्या-कोपरांना चिलखत चढवलेला स्वार जातो आणि रस्ता खराब असल्याची तक्रार करतो. चांगला असता तर पराक्रम उरला नसता, ही गोष्ट वेगळी. याच वाटेने उन्हाळ्यात हिमाचल परिवहनची साधी बस कुल्लूहून काझाला येते. तिच्यात आजीबाई असतात, पिठाची पोती असतात आणि कुणी कुणाचे अभिनंदन करत नाही.

कोमिकशेजारच्या हिक्किमला १९८३ पासून टपाल कार्यालय आहे. आपण पोचलो हे कळवण्यासाठी स्वार तिथून स्वतःच्याच पत्त्यावर पोस्टकार्ड टाकतो. इथल्या टपालाची थैली वर्षानुवर्षे काझापर्यंत पायी नेली गेली आहे. म्हणजे पोचल्याची वर्दी स्वतः पोचवता न येणारा माणूस मोटारसायकलवर, आणि ती पोचवणारा पायी! शौर्यपदकाची शिफारस करायची झाली तर यांतल्या कुणाची, हे टपाल खात्यानेच ठरवावे.

यावर म्हणतील, पर्यटनाने गावाला पैसा मिळतो. मिळतो, आणि मिळायलाच हवा. हिरव्या वाटाण्यावर वर्ष काढणाऱ्या घराला पाहुण्यांची खोली हा मोठाच आधार आहे. पण पाहुण्याला गाव हवे असते आदिम आणि संडास हवा असतो फ्लशचा. स्पीतीचा पारंपरिक संडास कोरडा, त्याचे खत शेतात जाते, पाणी लागत नाही. जिथे बर्फ कमी पडले की शेत सुकते, तिथे साखळी ओढणाऱ्या पाहुण्याची सोय कुणाच्या वाटणीच्या पाण्यातून होते, हे त्याच्या प्रवासवर्णनात सापडत नाही. दुसरा आक्षेप धोक्याचा: दरडी कोसळतात, उंचीचा त्रास होतो, माणसे मरतातही. खरे आहे. पण स्वार हा धोका आठवडाभर पत्करतो, गावकरी बारमाही. मोठ्या उपचारासाठी त्यांना शिमला नाहीतर कुल्लू गाठावे लागते, आणि हिवाळ्यात कुंझुमची वाट बंद.

बरे, दुर्गम गावांचीच ओढ असेल तर त्यासाठी गाडी गोणपाटात गुंडाळायची गरज नाही. पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो, आणि हा पूर जवळजवळ दर पावसाळ्यात येतो. मेळघाटातल्या पाड्यांवरून आजही रुग्णाला झोळीत घालून खाली आणावे लागते. मुंबईत २०१७ मध्ये दुचाकी रुग्णवाहिका सुरू झाली, पुढे ती मेळघाट-पालघरकडेही वळली; डोंगरातल्या गावाला ज्या मोटारसायकलची खरोखर वाट पाहावी लागते, ती ही. तिच्या टाकीवर स्टिकर नसतात, मागे झेंडा फडफडत नाही, आणि तिचा स्वार गावातून परतल्यावर कुणी त्याला अनुभवकथनाला बोलावत नाही. भामरागडला उंचीची पाटी लावता येत नाही, ही पर्यटन खात्याची खरी अडचण आहे. पुराच्या पाण्याची उंची मोजून तशी पाटी पुलावर लावली, तर पुढच्या जुलैत निम्मे पुणे तिथे फोटोला उभे राहील आणि त्यांच्यासाठी का होईना, पूल उंच करण्याची घाई सुटेल.