आधी मैदान द्या

भोगी, संक्रांत, खाशाबा जाधवांची जयंती, स्मृती मानधनाचं शतक, नेमबाज स्वप्नील कुसाळेला अर्जुन पुरस्कार आणि दिल्लीत खो-खोचा पहिलावहिला विश्वचषक. १३ ते १९ जानेवारी २०२५ या एका आठवड्यात हे सगळं आलं. खेळावर जीव असलेल्या माणसाला याहून भरगच्च आठवडा कुठला? त्यात आमच्याकडची थंडी.

बारामती-इंदापूर म्हटलं की बाहेरच्यांना ऊनच आठवतं. त्यांनी जानेवारीत भल्या पहाटे काटेवाडीवरून भवानीनगर-सणसरकडे दुचाकी घालून बघावी. हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्रीतून सगळी ऊब सोडून देते. कालव्याच्या कडेला, पाणी दिलेल्या उसाजवळ तर बोटं हँडलला चिकटल्यासारखी होतात. बोरीचे द्राक्षबागायतदार रात्री उठून पारा बघतात, कारण तो फार खाली उतरला की मण्यांची फुगवण थांबते. तिकडे उजनीच्या फुगवट्यावर, भिगवण-कुंभारगावला रोहित पक्षी आलेले. आणि दुपारी बाराला आपण सदऱ्याच्या बाह्या वर सारून सावली शोधतो.

खेळायला मात्र याहून चांगली हवा नाही. पावसाळ्यात चिखल, एप्रिल-मेमध्ये पाय ठेववत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच आमचे खरे खेळाचे महिने. माझा पुतण्या तालमीत आहे. त्याचे वस्ताद सांगतात की थंडीतली मेहनत वर्षभर पुरते. पहाटे चारला उठून जोर-बैठका मारणाऱ्या पोराच्या अंगातून वाफा निघतात, तेव्हा ते पटतं.

सोमवारी भोगी. घरात तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि वांगी, गाजर, घेवडा, हरभऱ्याचे घाटे घालून केलेली भोगीची भाजी. रात्री दिल्लीत भारताच्या पुरुष संघाचा पहिला सामना नेपाळशी. माझी धाकटी मुलगी नववीत आहे आणि शाळेच्या खो-खो संघात पळते. तिनं मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला आणि सगळं घर ताटं घेऊन त्याच्यापुढे बसलं. ४२-३७. नेपाळनं चांगलंच झुंजवलं. आपला खेळ दुसऱ्यांनी इतका मन लावून शिकावा, याचा मला जिंकण्याइतकाच आनंद झाला.

या खेळाचे नियम पुण्यात डेक्कन जिमखान्यानं १९१४ साली बांधले. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी जगातले तेवीस देश त्यासाठी दिल्लीत आले. भारताच्या दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे: प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे. आणि रामजी कश्यप कुठला? वेळापूरचा. इंदापूरकरांनी नीरा ओलांडली, अकलूज मागे टाकलं की वेळापूर. एवढ्या जवळून एक पोरगा विश्वचषकाला गेला, हे आमच्या किती शाळांत मुलांना सांगितलं गेलं? धाकटीच्या वर्गात कुणालाही माहीत नव्हतं. तिनंच जाऊन सांगितलं.

मंगळवारी संक्रांत. तिळगूळ वाटेपर्यंत मुलींनी दक्षिण कोरियाला १७५-१८ असं हरवलं होतं. एवढ्या एकतर्फी सामन्यात काय बघायचं, असं विचारणाऱ्यांना मी एकच सांगतो: त्यांचे पाय बघा. पाटीवरून उठतानाचं पहिलं पाऊल बघा, खांबावर घेतलेला सूर बघा. ते पाऊल एका दिवसात बसत नाही. त्यासाठी रोज संध्याकाळी तास-दीड तास मैदान लागतं.

आणि मैदानापाशीच सगळं अडतं.

आमच्या शाळेमागे एक मोकळी जागा आहे. कागदोपत्री ती क्रीडांगण आहे. ऊस हंगामात तिथं ट्रॅक्टर-ट्रॉल्या लागतात, लग्नसराईत मांडव पडतो, उरलेल्या दिवसांत खडी, वाळू, विटा. चाकोऱ्यांनी जमीन अशी चिरली जाते की पळणाऱ्याचा घोटा मुरगळलाच पाहिजे. धाकटीच्या संघातल्या एका मुलीचा डिसेंबरात मुरगळला. तिच्या घरच्यांनी तिचा खेळच बंद केला. घोटा पंधरवड्यात बरा झाला, खेळ बंदच आहे.

खो-खोचं मैदान सत्तावीस मीटर लांब, सोळा मीटर रुंद. म्हणजे सव्वाचार गुंठे. कडेची मोकळी जागा धरली तरी पाच-सहा गुंठ्यांत काम होतं. दोन लाकडी खांब, थोडा चुना आणि एक शिट्टी. बूट नसले तरी चालतं. ज्या तालुक्यांत एकराच्या हिशेबानं ऊस उभा आहे, तिथं पोरांसाठी सहा गुंठे निघत नाहीत हे मला मान्य नाही. कुणी कितीही अडचणी सांगो.

बेलवाडीचं उदाहरण समोर आहे. तुकोबांच्या पालखीचं पहिलं गोल रिंगण तिथं होतं. त्यासाठी गाव मैदान राखतं, साफ करतं, दगड वेचतं. अश्व धावायचे म्हणून जमीन कशी हवी, हे तिथल्या म्हाताऱ्यांना नेमकं कळतं. एका दिवसाच्या रिंगणासाठी जी आस्था आहे, तीच पोरांच्या रोजच्या पळण्यासाठी का नसावी? वारकऱ्यांच्या वाटेवरची गावं आहोत आपण. धावण्याचा मान आपल्याला कुणी शिकवायला नको.

बुधवारी १५ जानेवारी. खाशाबांचा जन्मदिवस, म्हणून आता राज्य क्रीडा दिन. त्याच दिवशी त्यांचं जन्मशताब्दी वर्ष सुरू झालं. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा माणूस १९४८ मध्ये लंडन ऑलिम्पिकला गेला आणि सहावा आला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी ब्राँझ आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परतल्यावर त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवली आणि त्या पैशातून खर्डेकर सरांचं घर सोडवलं. पद्म सन्मान त्यांना हयातीत मिळाला नाही. १९८४ मध्ये अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार त्यानंतर कितीतरी वर्षांनी.

राज्य क्रीडा दिन ठिकठिकाणी साजरा झाला. हार घातले गेले, भाषणं झाली. आपल्या दोन तालुक्यांतल्याच एका शाळेत (नाव घेत नाही) त्या दिवशी शारीरिक शिक्षणाचा तास रद्द झाला, कारण पोरांना भाषणाला बसवायचं होतं. खाशाबांच्या तसबिरीपुढे चाळीस मिनिटं मांडी घालून बसलेली पोरं. त्यांना बाहेर काढून दोन कुस्त्या लावल्या असत्या, एक डाव खो-खो खेळवला असता, तर जयंती झाली असती.

त्याच दुपारी राजकोटला सांगलीच्या स्मृतीनं आयर्लंडविरुद्ध ७० चेंडूंत शतक ठोकलं आणि हरमनप्रीतचा ८७ चेंडूंचा भारतीय विक्रम मोडला. स्मृती १३५, प्रतिका रावल १५४, भारत ५ बाद ४३५, विजय ३०४ धावांनी. संक्रांतीचा दुसरा दिवस, म्हणजे कर, म्हणून आमच्या घरी नवं काम काढलेलं नव्हतं. सगळ्या बायका निवांत टीव्हीपुढे होत्या. स्मृतीनं पुढे सरसावून मारलेल्या एका षटकारावर माझी आई, वय वर्षे बहात्तर, उठून उभी राहिली. मग म्हणाली, “आमी परकर खोचून लंगडी खेळायचो, पोरांना हरवायचो. लगीन झालं आन् पळणं थांबलं.” बोलून ती पुन्हा तीळ निवडायला लागली. धाकटी तिच्याकडे बघत राहिली.

गुरुवार वाईट गेला. वडोदऱ्यात एकदिवसीय क्रिकेट सामन्यात विदर्भानं महाराष्ट्राविरुद्ध ३ बाद ३८० केल्या, करुण नायर ४४ चेंडूंत नाबाद ८८. अर्शिन कुलकर्णीनं ९० काढल्या, पण आपण ६९ धावांनी हरलो. विदर्भही आपलाच, अशी समजूत शेजाऱ्यानं घातली. रात्रीपर्यंत ती मला पटली नाही. २०२० च्या फेब्रुवारीत बारामतीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्टेडियमवर महाराष्ट्र-उत्तराखंड रणजी सामना झाला, तेव्हापासून हा संघ माझ्यासाठी लांबचा राहिलेला नाही. चांगलं मैदान असेल तर रणजी गावात येते आणि शाळेतली पोरं कुंपणापाशी उभी राहून खऱ्या गोलंदाजाचा चेंडू कसा येतो ते बघतात. बारामतीनं ते करून दाखवलंय. ते इंदापूरपर्यंत, तिथून पळसदेव-बावड्यापर्यंत यायला हवं.

शुक्रवारी राष्ट्रपती भवनात स्वप्नील कुसाळेला अर्जुन, त्याच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे यांना द्रोणाचार्य, आटपाडी तालुक्याच्या पॅरा-गोळाफेकपटू सचिन खिलारीला अर्जुन आणि मुरलीकांत पेटकरांना जीवनगौरव अर्जुन. पेटकरांनी १९७२ च्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्ण जिंकलं होतं. बावन्न वर्षांनी हा पुरस्कार! त्यांनी तो हसतमुखानं घेतला. मला मात्र राग आला, आणि तो राग आपण सगळ्यांनी धरायला हवा. खाशाबांच्या बाबतीत जे झालं ते पुन्हा होऊ नये असं वाटत असेल, तर पुरस्कार माणूस धडधाकट असताना द्या.

संध्याकाळी आमच्याकडे हळदीकुंकू. दरवर्षी वाण म्हणून स्टीलच्या वाट्या नाहीतर प्लॅस्टिकचे डबे. यंदा आईनं फर्मान काढलं: दोरीउड्यांच्या दोऱ्या. सौभाग्यवतीनं बारामतीच्या बाजारातून घाऊक आणल्या. गल्लीतल्या बायका आधी हसल्या, मग अंगणातच दोघी-तिघींनी पदर खोचले. आमच्या वहिनींनी न थांबता जवळपास मिनिटभर उड्या मारल्या. टाळ्या मीच सगळ्यांत जोरात वाजवल्या.

रविवारी फायनल. दुपारपासून घरात कुणाला चैन नव्हतं. मुलींनी नेपाळला ७८-४० नं हरवलं, मुलांनी ५४-३६ नं. भारत दोन्हीकडे जगज्जेता. प्रियंकानं करंडक उचलला तेव्हा धाकटी ओरडली नाही. तिनं विचारलं, “पप्पा, हिनं लहानपणी कुठं सराव केला असंल?”

त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समोर आलं. आम्ही शाळेमागच्या जागेवर गेलो. दोन ट्रॉल्यांच्या मधल्या पट्ट्यात पाच-सहा पोरी पळत होत्या. पलीकडे ऊसतोड मजुरांच्या कोप्या. तिथली एक मुलगी, दहा-अकरा वर्षांची, कडेवर भावाला घेऊन बघत उभी होती. धाकटीनं हात केला. तिनं भावाला खाली ठेवलं, फ्रॉकला हात पुसले आणि अनवाणी पायांनी अशी साखळी पळाली की दोघींना तिच्या अंगाला हात लावता येईना. चाकोरी आली की बरोबर उडी, ढेकूळ आलं की बगल. खेळ कुठं शिकलीस, असं विचारलं तर म्हणाली, “गावाकडं, शाळेत.” गाव बीड जिल्ह्यातलं. प्रियंका इंगळेचं मूळ गावही त्याच जिल्ह्यात आहे. हंगाम संपेपर्यंत ही मुलगी इथंच राहणार, शाळा तिकडं आणि पाय इकडं. कारखाने गाळपाचे आकडे रोज देतात. त्यांच्या गाळपावर आलेली अशी किती पोरं कोप्यांपाशी दिवस काढतात आणि त्यातली किती पळू शकतात, हे कुणी मोजायचं? तालुका क्रीडा अधिकाऱ्यांनी, शाळांनी आणि कारखान्यांनी एक संध्याकाळ त्या कोप्यांवर जावं. खांब आणि शिट्टी घेऊन जावं.

दहावीची परीक्षा २०२५ मध्ये २१ फेब्रुवारीलाच सुरू होणार होती, म्हणून खेळाचे तास जानेवारीपासूनच गणित-विज्ञानाला गेले. पालकही तेच मागतात. मी पालक म्हणून उलटं मागतो. संध्याकाळी पाच ते साडेसहा माझ्या मुलीला क्लास नको, मैदान हवं. ती अभ्यास पहाटे करते, थंडीत उठून, आणि चांगला करते.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी अर्ज लिहून झालाय. शाळेमागची जागा सपाट करून द्या. मुरूम आणि माती टाका, रोलर फिरवा. सहा गुंठे खो-खोला कायमचे राखून ठेवा आणि खांब पक्के पुरा. दुपारी साडेचारनंतर तिथं एकही वाहन उभं राहता कामा नये. कोप्यांवरच्या मुलांना खेळायला मोकळीक असावी. खर्चासाठी लोकवर्गणीची यादी जोडली आहे, पहिली रक्कम आईची. गल्लीतल्या बहुतेक बायकांनी सह्या केल्यात. काही पुरुष अजून ‘बघू’ म्हणताहेत. त्यांच्या घरी मी पुन्हा जाणार आहे.

२९ जानेवारी २०२५ पासून अहिल्यानगरला वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी. पुतण्या आणि धाकटी दोघंही सोबत येणार. ग्रामसभेत काय झालं आणि मातीत काय झालं, दोन्ही पुढच्या खेपेला.