मामांची पाठ

प्रत्येक कारखान्यात एक मामा असतात. काही ठिकाणी ते अण्णा असतात, काही ठिकाणी उस्ताद, कुठं नुसतेच मिस्त्री. नावं बदलतात, पाठ तीच. पाठ म्हणायचं कारण असं की, आयटीआय करून भोसरीच्या एका कारखान्यात टर्नरचा शिकाऊ उमेदवार म्हणून मी लागलो, तेव्हा ज्यांच्या हाताखाली शिकायचं होतं त्यांचं दर्शन मला मुख्यतः मागूनच घडलं. खाकी शर्ट, मधोमध घामाच्या मिठाचा नकाशा, डाव्या खांद्याखाली उसवलेली शिवण आणि तिच्यावर घरच्या हाताने घातलेली निळ्या दोऱ्याची टीप. पुढे एका लग्नात एक गृहस्थ माझ्याकडे बघून हसले. कोण ते काही केल्या आठवेना. ते पंगतीकडे वळले मात्र, आणि मी ओरडलो, "मामा!"

"मामा, हे टूल कसं घासायचं?"

"बघ."

एवढं बोलून मामा ग्राइंडरकडे वळत. ग्राइंडरचं चाक, टूल, दोन्ही हात आणि निम्म्या ठिणग्या त्यांच्या देहाआड गडप होत. डावीकडून डोकवावं तर पाठ डावीकडे सरके, उजवीकडून जावं तर उजवीकडे. मग पाण्याच्या डब्यात टूल बुडाल्याचा चर्र आवाज येई, मामा ते टूल खिशात टाकत आणि विचारत, "बघितलं?"

"दिसलं नाही मामा."

"मग लक्ष कुठं असतं तुमचं?"

आमच्यातल्या एका हुशार पोरानं समोरच्या खिडकीच्या तावदानात बघून शिकायची युक्ती काढली होती. दुसऱ्या दिवशी त्या तावदानाला ग्रीस फासलेलं होतं. मामांनी एक शब्दही काढला नाही. फक्त तावदान पुसायचं काम त्याच पोराला दिलं, तेही संध्याकाळी, मशीन बंद झाल्यावर.

१९६१ चा अप्रेंटिस कायदा म्हणतो की, शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे, प्रशिक्षणार्थी. मामांना यातलं पहिलं अर्धं वाक्य मान्य होतं. कामगार नाही ना? मग मशीनला हात लावायचा नाही. चहा आणायचा, लोखंडाचा कीस गोळा करायचा, तयार जॉबची बर कानशीनं काढायची. रोज काय शिकलो ते वहीत लिहून त्याखाली त्यांची सही घ्यावी लागे. आम्ही 'फेसिंग', 'स्टेप टर्निंग', 'टेपर टर्निंग' असं भरगच्च लिहायचो आणि मामा न वाचता सही ठोकायचे. सहीच्या वेळी मात्र तोंड आमच्याकडे असे. त्यावरून मामांना मिशी आहे हे मला कळलं.

नावानं त्यांनी कुणाला हाक मारली नाही. आम्ही सगळे 'आयटीआय'. "ए आयटीआय, चहा!" म्हटलं की चौघं धावायचे.

आटे पाडायचं काम निघालं की तर पाठीलाही पाठ फुटायची. आमचं लेथ जुनं, लीडस्क्रू इंचाचा, एका इंचात चार आटे. गिऱ्हाइकाचं ड्रॉइंग मिलिमीटरचं. अशा लेथवर मिलिमीटरचा आटा बिनचूक पाडायचा तर एक मोठं गिअरचाक चढवावं लागे. ते मामा कापडात गुंडाळून लॉकरमध्ये, खंडोबाच्या तसबिरीमागे ठेवत. चाक चढवायच्या आधी आम्हाला हमखास स्टोअरला पिटाळलं जाई, म्हणजे परत येईपर्यंत वरचं झाकण बंद. एक जिन्नस गाळून पाककृती सांगणाऱ्या सुगरणी असतात ना, त्यातलेच हे. फक्त इथं एक जिन्नस सांगत आणि बाकीचे गाळत.

ते चाक वर्षातून एकदाच उघड्यावर यायचं, खंडेनवमीला. धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या फुलांत ते मधोमध मांडलेलं असे. बाकीची पोरं पेढ्यावर नजर ठेवून होती. मी नमस्कार करायला वाकलो आणि बराच वेळ वर उठलो नाही. दात मोजत होतो. आरती दुसऱ्यांदा माझ्यासमोरून गेली, मामा म्हणाले, "आयटीआय लई भाविक दिसतंय." आकडा आला १२७. घरी जाऊन आयटीआयचं पुस्तक उघडलं, तर त्यात तो छापलेलाच! एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७. त्याहून लहान पूर्ण आकडा मिळतच नाही, म्हणून एवढं मोठं चाक. दीड मिलिमीटरचा आटा हवा तर मशीनच्या बाजूला ३० दातांचं, लीडस्क्रूवर १२७ चं. खंडोबाच्या पाठीमागचं गुपित सरकारमान्य पुस्तकात सगळ्यांसाठी उघडं पडलं होतं. मामांना हे सांगायची मला फार खुमखुमी आली होती. सांगितलं नाही.

कारण तोवर स्टोअरकीपरनं मला एक गोष्ट सांगितली होती. मामा शाळा अर्धवट सोडून माणदेशातून हेल्पर म्हणून आले. त्यांचा उस्ताद गिअर बदलायच्या वेळी त्यांना विडी आणायला पाठवायचा आणि वर गोणपाट टाकायचा. मामांनी ते सगळं दिवे गेलेल्या रात्री, बोटांनी दात चाचपत शिकलं. आणि आता दोन वर्षांचा कागद घेऊन पोरं येतात, पाच वर्षांत सुपरवायझर होतात, आणि त्याच मामांच्या हजेरीवर सही करतात. अशा माणसानं काय करावं, आरतीचं ताट घेऊन दारात उभं राहावं?

आणि एक सांगायलाच हवं, अगदी नाइलाजानं का होईना. त्या पाठीला डोळे होते. एकदा दुसऱ्या टोकाच्या लेथवर एका पोरानं चकमध्ये चावी तशीच ठेवून स्विचकडे हात नेला. मशीन फिरलं असतं तर ती चावी सुटून कुणाच्या तरी कपाळात गेली असती. मामा पाठमोरे, त्यांच्या आणि त्याच्यामध्ये तीन मशीनं. "चावी!" असं ओरडले की अख्खी शेड थबकली. टूल बोथट झालंय हे ते आवाजावरून, मागे न बघता सांगायचे: "आयटीआय, टूल रडतंय." बघायला जावं तर चिप निळी पडलेली. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, आणि हेही त्यांनी 'शिकवलं' असं म्हणवत नाही. ते नुसते ओरडले, आम्हाला लागलं.

मामा निवृत्त झाले. मी स्वतःचं छोटं वर्कशॉप टाकलं, एक सीएनसी घेतली, दोन पोरं ठेवली. आता गुरुवार सोडून जवळजवळ रोज मामा येऊन बसतात, आणि माझ्या नशिबी जे आलंय ते कुणाच्या येऊ नये: मामा बोलतात. टूलचा कोन, धार, पाण्याचा चर्र आवाज किती लांब हवा, तीन जबड्यांच्या चकमध्ये वाकडा जॉब कसा बसवायचा, सगळं. कुणी विचारायची वाट बघत नाहीत. पोरांच्या समोर तोंड करून उभे राहतात, त्यामुळे पोरांना मशीन दिसत नाही. पोरं बिचारी कानात दोरी घालून यूट्यूब बघतात. आटा पाडायचा तर जी-७६ ची ओळ टाईप केली की मशीन स्वतःच पाडतं, त्यांना दातांशी काय घेणंदेणं? परवा एकजण माझ्याकडे येऊन म्हणाला, "साहेब, त्या काकांना जरा गप्प बसायला सांगा ना, प्रोग्रॅम चुकतो."

सांगायला गेलो. मामांनी स्टूल पुढे सरकवलं. "बस आयटीआय. तुला त्या मोठ्या चाकाचं सांगायचं राहूनच गेलं. दात किती असतील, सांग बघू?"

"किती, मामा?" मी म्हणालो.

साडेबाराची डिलिव्हरी त्या दिवशी चार वाजता गेली.