स्वस्तातला टापू

आमच्या हिला लग्न झाल्यापासून अंदमानला जायचं आहे. लग्नाला एकतीस वर्षं झाली, म्हणजे इच्छा चांगली मुरली आहे. यंदा पुण्याहून तिचा धाकटा भाऊ आला तोच मोबाइलवर तिघांच्या खर्चाचा आकडा घेऊन. आकडा बघून मी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. चष्मा आधीही स्वच्छच होता.

"नेमकं हवंय काय तुम्हाला?" मी विचारलं.

"उष्ण कटिबंधातलं शांत बेट, भाऊजी. पाणी, झाडं, पक्षी. माणसं नकोत."

मी मुलाचा शाळेतला नकाशासंग्रह काढला. कर्कवृत्त उज्जैनच्या उत्तरेला डोंगल्याजवळून जातं, तिथं वेधशाळाही आहे. इंदूर त्या रेषेच्या खाली. "म्हणजे या क्षणी, रामबागेतल्या या खोलीत, आपण उष्ण कटिबंधातच बसलोय. फुकट! अर्धं काम झालं. राहता राहिलं बेट."

बेटाला आमच्याकडे टापू म्हणतात, आणि खंडवा जिल्ह्यात हनुवंतिया नावाचा टापू आहे. इंदिरा सागर धरणाचं पाणी पसरलं तेव्हा टेकड्यांचे माथे तेवढे वर राहिले, त्यांचे टापू झाले. साठवणीच्या हिशेबानं हा देशातला सगळ्यात मोठा जलाशय, बारा अब्ज घनमीटरच्या वर पाणी. आमच्या तिघांची समुद्राची हौस भागायला एवढं पुरावं. हिवाळ्यात तिथं सरकारी जलमहोत्सव असतो, तंबू लागतात, भावही तंबूसारखे ताणले जातात. म्हणून मी एप्रिलची अखेर धरली. एप्रिलात तिथं कुणी जात नाही. का जात नाही, हा प्रश्न मला पडायला हवा होता; पण स्वस्त दिसलं की माझी जिज्ञासा मरते.

सरवटे बसस्टँडवरून निघालो. (विनायक सीताराम सरवटे संविधान सभेचे सदस्य होते; त्यांच्या नावाच्या स्टँडवर खिडकीची जागा हा मूलभूत हक्क असावा, असं माझं जुनं मत आहे.) भैरव घाट, बडवाह, मोरटक्क्याच्या पुलावरून नर्मदेला नाणं – हिनं पाचाचं टाकलं, मी एकाचं – मग सनावद, मूंदी, आणि पुढं एका मॅजिक टेम्पोमध्ये चौदा माणसं आणि एक शिलाई मशीन. हनुवंतिया देखणं आहे. फक्त तिथं थेट डांबरी सडक जाते. मेहुणा उतरला आणि बराच वेळ पायाखाली बघत राहिला.

"भाऊजी, बेटावर रस्त्यानं आलो आपण?"

हा माझ्या अब्रूचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काठावर एक मासेमारीची डोंगी गाठली. चारी बाजूंनी पाणी असलेल्या टापूवर सोड, तासाभरानं आण, असा सौदा. डोंगीवाला म्हणाला सहाशे. मी तीनशेवर आणला. सराफ्यात गराडूची प्लेट घेतानाही मी एवढा जीव ओतत नाही. पैसे परत आल्यावर द्यायचे ठरले. "आता हूँ अंकल, एक घंटे में," असं म्हणून तो इंजिन फटफटवत गेला. तीनशे रुपयांत तास किती मिनिटांचा असतो, हे आम्ही ठरवलं नव्हतं.

टापू म्हणजे एक टेकाड. निष्पर्ण साग, फुलून संपलेले पळस, करपलेलं गवत. समोर पाण्यात बुडून मेलेली झाडं अजून उभी होती आणि त्यांच्यावर पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते. शांतता मात्र अस्सल, टिटवीचा ओरडाही संपेपर्यंत पूर्ण ऐकू यावा अशी. मेहुण्यानं अंदमानसाठी आगाऊ घेतलेला पाण्याखाली बघायचा चष्मा आणि श्वासाची नळी चढवली, कमरेइतक्या पाण्यात उतरला, आणि आत गाळाशिवाय काही दिसत नाही असं नळीतूनच सांगू लागला.

पहिला तास मजेत गेला. दुसऱ्या तासात रतलामी शेव निघाली, जिरावणाचा मसाला निघाला, डझनभर केळी निघाली. तिसऱ्या तासात मेहुण्यानं केळ्याचं साल झुडपात भिरकावलं.

"उचल," ही म्हणाली.

"अगं ताई, जंगल आहे. कुजेल."

"उचल म्हणते ना! इंदूरची आहे मी."

इथं पुण्याच्या माणसाला काही गोष्टी समजत नाहीत. इंदूर २०१७ पासून सलग कितीतरी वर्षं स्वच्छतेत पहिलं आलं आहे. कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकू आलं की आमच्या गल्लीत माणसं अर्धी दाढी टाकून डबे घेऊन धावतात. हिनं दोन पिशव्या काढल्या: ओला, सुका. सालं ओल्यात, शेवेची पिशवी सुक्यात. जिरावण सांडलेला कागद कशात, यावर बहीणभावात वीस मिनिटं वाद झाला. मोबाइलला रेंज नव्हती. बेचाळीस अंशांच्या उन्हात ओल्या कचऱ्याला वास सुटला. आमचे ओठ सुकले होते, पण त्यांना पिशवी नव्हती.

चौथ्या तासाला मी लांबच्या एका नावेकडे बघून टॉवेल हलवला. त्यांनीही आनंदानं हात हलवला आणि गेले. पाण्याची शेवटची बाटली मेहुण्यानं आपल्या ताब्यात घेतली आणि झाकणानं मोजून वाटू लागला. ही माझ्याशी बोलेनाशी झाली. एकतीस वर्षांत ती माझ्यावर अनेकदा चिडली आहे, पण प्रत्येक वेळी शेजारची खोली होती.

"अंदमानला," ती शेवटी पाण्याकडे बघत म्हणाली, "नावा वेळेवर असतात."

पाचवा तास संपता संपता मागच्या झुडपात खसफस झाली. मेहुणा नळीसकट उठला. "वाघ!"

म्हैस होती. सरळ आली, आमच्याकडे ढुंकूनही न बघता ओल्या कचऱ्याच्या पिशवीत तोंड घातलं आणि सालं चघळू लागली. मागून दुसरी आली. मग सात-आठ. पोहत आल्या असतील म्हणून मी त्यांच्या पायांकडे बघितलं. खूर कोरडे होते, वर धूळ होती.

त्यांच्या मागं एक म्हातारा. खांद्यावर काठी, डोक्याला पंचा.

"यहाँ काहे को बैठे हो?"

"नाव की राह देख रहे हैं, बाबा."

"नाव काहे को? पैदल जाओ ना."

पळसांच्या पलीकडे, सकाळपासून आम्ही ज्या बाजूला एकदाही गेलो नव्हतो त्या बाजूला, भेगाळलेल्या गाळाची रुंद पट्टी थेट काठापर्यंत गेली होती. उन्हाळ्यात पाणी उतरतं, टापू जमिनीला चिकटतात. पाच तास आम्ही एका टेकडीवर अडकून पडलो होतो. मेहुण्यानं नळी काढली आणि माझ्याकडे जे बघितलं, ते मी लिहीत नाही.

म्हातारा म्हणाला, चला, मीही तिकडंच निघालोय. पट्टीवर मध्येच दगडांच्या ओळी लागल्या. घोट्याइतक्या, काही ठिकाणी त्याहून कमी. तो काठीनं दाखवत चालला, बाजारात दुकानं दाखवावीत तसं. हा हनुमानाचा ओटा, ही शाळा, हे आमचं. "गर्मी में महीना-दो महीना निकलता है, फिर डूब जाता है." आमच्या पुढ्यात दगडांची एक ओळ आडवी होती. मी ती ओलांडायला पाय उचलला. तो मात्र ओळीच्या कडेनं आठ-दहा पावलं गेला, दोन दगडांमध्ये मोकळी जागा होती तिथून आत शिरला. दार तिथं होतं. म्हशीही त्याच्या मागोमाग तिथूनच गेल्या. मी उचललेला पाय मागं घेतला आणि फिरून दारातून गेलो. हिनं चपला काढून हातात घेतल्या होत्या.

गाव रिकामं करून किती वर्षं झाली, मी विचारलं. वीस झाली, तो म्हणाला. हरसूदच्याच वेळेला. याच धरणात बुडालेलं हरसूद शहर रिकामं करायला ३० जून २००४ ही शेवटची तारीख होती आणि लोकांनी आपली घरं आपल्याच हातांनी पाडली, एवढं मला इंदुरात बसून पेपरात वाचलेलं आठवत होतं. त्याच्याही आधीचं एक आठवलं. २८ सप्टेंबर १९८९ ला हरसूदमध्ये मोठ्या धरणांविरुद्ध प्रचंड मेळावा भरला होता, बाबा आमटे आले होते. आमच्या कॉलेजातली पोरं गेली. मीही जाणार होतो. खंडव्याचं जाण्यायेण्याचं भाडं बघितलं आणि राहिलो.

काठावर पोचल्यावर मी म्हाताऱ्याला पैसे देऊ लागलो. त्यानं हात मागं घेतला. शेव मात्र घेतली, वर जिरावण भुरभुरवून. एक घास खाल्ला आणि म्हणाला, "इंदौर की है." मग उरलेली पंच्याच्या टोकाला बांधली.

अंधार पडल्यावर डोंगीवाला आम्हाला शोधत आला. चिडलेला होता. जाळं पंख्यात अडकलं म्हणून उशीर झाला, मग तो टापूवर गेला तर आम्ही गायब; बुडालो की काय म्हणून त्यानं दोन चकरा मारल्या, डिझेल जाळलं. आता सहाशेच घेईन, म्हणाला.

मी सहाशे काढून दिले.

मेहुण्यानं माझ्याकडे बघितलं, मग हळूच माझ्या कपाळाला हात लावला. "ताई," तो म्हणाला, "भाऊजींना ऊन लागलंय."