मालकाचे शेंगदाणे

जाहिरातीत लिहिलं होतं, ‘वित्त विभागात प्रशिक्षणार्थी नेमणे आहेत. कोणत्याही शाखेचे पदवीधर चालतील. लेखांकनाचे प्राथमिक ज्ञान आवश्यक.’ यातलं दुसरं वाक्य वाचून इतिहासात बी.ए. झालेली माझी भाची हरखली आणि तिसरं वाचून माझ्याकडे आली. मी कॉमर्सचा. त्यामुळे घराण्यात कुणालाही आयकर, एलआयसी किंवा भिशी यांपैकी कशानंही पछाडलं की मलाच बोलावणं येतं. अर्जाला अवधी होता. मुलाखतीपुरतं जमा-नावे शिकवायचं, त्यात काय एवढं, म्हणून मी बसलो.

अकरावीचं पुस्तपालनाचं पुस्तक कुणाकडून तरी मागून आणलं. हे पुस्तक दुकानदार वाणिज्याच्या कप्प्यात ठेवतात, ते चूक आहे. त्याची खरी जागा कादंबऱ्यांत. प्रत्येक उदाहरणात एक व्यापारी असतो. १ एप्रिलला तो पन्नास हजार रुपये रोख घेऊन धंदा सुरू करतो. ३ तारखेला फर्निचर घेतो, ५ तारखेला उधारीवर माल भरतो. इथवर ठीक. ९ तारखेला गोदामाला आग लागते आणि विमा कंपनी अर्धाच दावा मान्य करते. १४ तारखेला चोरी. १८ तारखेला ज्याला विश्वासानं उधार दिलं तो दिवाळखोर निघतो, आणि त्याच्याकडून रुपयाला चाळीस पैसे घेऊन खातं मिटवावं लागतं. अशा अवस्थेत हा गृहस्थ २२ तारखेला अनाथाश्रमाला माल देणगी देतो, २५ तारखेला जाहिरातीसाठी फुकट नमुने वाटतो आणि ३० तारखेला नोकरांचे पगार वेळेवर करतो.

“मामा, हा माणूस रडत कसा नाही?” भाचीनं विचारलं.

त्याला रडायला सवडच ठेवलेली नाही. आग लागली की ‘आगीत नष्ट झालेला माल’ नावे, खरेदी खाते जमा. दिवाळखोराचे चाळीस पैसे रोख खाती नावे, उरलेले साठ बुडीत कर्ज खाती नावे, आणि सगळा रुपया त्या इसमाच्या खाती जमा. इसमावर राग नाही, त्याच्या नावापुढे एखादं विशेषणही नाही. भाची पुढचे चार दिवस त्या व्यापाऱ्याची चौकशी करत असल्यासारखी उदाहरणं सोडवत होती. एकाला शेवटी नफा झाला तेव्हा तिनं मला फोन करून कळवलं.

अडली ती एका साध्या नोंदीपाशी. ‘मालकाने दुकानातून घरगुती वापरासाठी ५०० रुपयांचा माल नेला.’ दुकान त्याचं, माल त्याचा, घरही त्याचंच. मग लिहायचं काय? तर हेच लिहायचं, उचल खाते नावे. लेखांकनाच्या लेखी धंदा वेगळा आणि मालक वेगळा. मालकानं आणलेलं भांडवलसुद्धा ताळेबंदात देण्यांच्या बाजूला बसतं, कारण धंद्याला ते कधीतरी त्याला परत द्यायचं आहे. आमच्या कोपऱ्यावरचा वाणी गल्ल्यावर बसल्या बसल्या पोत्यातले शेंगदाणे तोंडात टाकत असतो. त्यानं हा नियम मनापासून पाळला तर दिवाळीला वहीपूजन करताना त्याला कळेल, की दुकानाचं सगळ्यात मोठं उधारीचं गिऱ्हाईक गल्ल्यामागेच बसलेलं आहे.

पासबुकाचंही तसंच. आपण पैसे भरले की बँक ते ‘जमा’ दाखवते आणि आपल्या वहीत मात्र बँक ‘नावे’ पडते. नवशिक्याला यानं घेरी येते. पासबुक हे बँकेच्या खतावणीतल्या आपल्या पानाची नक्कल आहे, हे एकदा ध्यानात आलं की उतरते.

“म्हणजे मी बँकेची सावकार?”

“नियमानं हो. काउंटरवर तसं वागून बघू नकोस.”

मला वाटतं, या विद्येत आकडेमोड फार थोडी आहे. बेरीज-वजाबाकी चौथीपर्यंत होऊन जाते. अवघड आहे ते स्वतःच्याच पैशाकडे परक्याच्या नजरेनं बघणं. म्हणूनच की काय, ही विद्या साधुसंतांना फार छान साधलेली दिसते. द्विनोंदी पद्धत पहिल्यांदा छापून जगापुढे मांडली ती १४९४ साली व्हेनिसमध्ये, लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूनं. पद्धत त्याची नव्हे. तिथले व्यापारी आधीपासून ती वापरत होते, यानं ती नीट लिहून काढली. पुढे त्यानं लिओनार्दो दा विंचीला गणितही शिकवलं. इतिहासवालीला हे ऐकून प्रथमच या विषयाबद्दल आपलेपणा वाटला. “मग आपले एकनाथ?” ती म्हणाली.

खरंच की. देवगिरीला जनार्दनस्वामींच्या हाताखाली हिशेब बघताना एका पैचा फरक आला आणि नाथांनी रात्र जागून तो शोधला, ही कथा कीर्तनात आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. चूक सापडताच त्यांनी आनंदानं टाळी वाजवली म्हणतात. कीर्तनकार तिथून परमार्थाकडे वळतात. मी आपला त्या पैपाशीच थांबतो. आजच्या कचेरीत ती पै ‘राउंड ऑफ’मध्ये टाकून सगळे सहाला घरी गेले असते. पण पैचा फरक हा पैचाच असतो असं कुठे आहे? शंभराची एक चूक इकडे आणि जवळजवळ तेवढीच दुसरी तिकडे, अशा दोन चुका एकमेकींना झाकून बसलेल्या असतात आणि बाहेर फक्त पै डोकावते. नाथांना ते ठाऊक असणार.

आणि तुकोबा. घरच्या सावकारीची खतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली एवढंच आपण सांगतो. त्याआधी भावाची निम्मी वाटणी त्यांनी काढून दिली होती, हे मला जास्त मोठं वाटतं. तोटा सोसला तो आपल्या भांडवलातून, भागीदाराच्या नव्हे. कुठल्याही लेखापरीक्षकानं या नोंदीवर डोळे मिटून सही करावी.

मग टॅलीचा क्लास. १ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हापासून तालुक्यातालुक्यात ‘टॅली विथ जीएसटी’चे फलक झळकू लागले आणि मुलं थेट तिथेच जाऊन बसतात. एफ-पाच दाबलं की पैसे देणे, एफ-सहा दाबलं की पैसे घेणे. बोटं तयार होतात. पण दोन्ही बाजू सारख्या असल्या की यंत्र खूश. दुरुस्तीचा खर्च तुम्ही यंत्रसामग्रीच्या खाती टाकलात तरी तेरीज बिनचूक जुळते आणि नफा मात्र फुगतो. म्हणून आधी वही, मग टॅली, हा माझा हट्ट.

मुलाखतीत हमखास विचारतात तो प्रश्न घसाऱ्याचा. घसारा शंभर रुपयांनी वाढला तर काय होईल? कर २५ टक्के धरा. नफा पंचाहत्तरनं घटतो, कर पंचवीसनं कमी होतो, आणि घसाऱ्यात प्रत्यक्ष पैसा कुठेच जात नसल्यामुळे रोकड पंचवीसनं वाढते! मालमत्तेच्या बाजूला यंत्र शंभरानं उतरलं, रोकड पंचवीसनं चढली, म्हणजे पंचाहत्तर कमी. समोर मालकाचा निधीही पंचाहत्तरनंच कमी. दोन्ही बाजू जुळल्या तेव्हा भाचीनं टाळी वाजवली. मी काही बोललो नाही.

घरी मात्र क्लासच्या फीवरून खल झाला. भाऊजींच्या मते हा भांडवली खर्च, कारण फायदा पुढे अनेक वर्षं मिळणार. ताईचं म्हणणं, नोकरी लागली तर भांडवली, नाहीतर गेल्या वर्षीच्या गिटार क्लाससारखा महसुली. फी भाचीनं साठवलेल्या पैशांतून भरली अशी दोघांची समजूत. खरं तर ती मी दिली होती, आणि माझ्या मनात ती भेट म्हणून कधीच खर्ची पडली होती.

अर्ज पाठवला त्या संध्याकाळी भाचीनं सरावासाठी केलेला स्वतःचा ताळेबंद मला दाखवला. मालमत्ता : लॅपटॉप, घसारा वजा जाता, बँकेतली शिल्लक, एका मैत्रिणीकडून येणे, त्यापुढे कंसात ‘संशयित’. देण्यांच्या बाजूला पहिलीच ओळ : मामा, दीर्घ मुदतीचे कर्ज, बिनव्याजी, विनातारण.

“अगं, ती भेट होती.”

“लेखी आहे का काही?” ती म्हणाली. “आणि नातेवाइकांशी झालेले व्यवहार खाली टीप देऊन उघड करावे लागतात. ती पण लिहिलीय बघ.”

टीप बिनचूक होती, रकमेसकट. पूर्ण गुण द्यावेत अशी. मी फक्त एवढंच सुचवलं, की हा ताळेबंद तूर्त लेखापरीक्षणासाठी आईकडे देऊ नकोस.