पांढुर्णा ते सौंसर, व्हाया पंक्चर

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार होते. जाम नदीच्या या काठावर पांढुर्णा, त्या काठावर सावरगाव, पात्राच्या मधोमध रोवलेला पळस आणि त्यावर झेंडा. झेंडा हाती लागेपर्यंत दोन्ही काठांवरून दगड चालतात आणि दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात. अशा गावात नोव्हेंबरात सायकल घेऊन उतरलेल्या माणसाला वाटतं, चला, आपण वाचलो. वाटू द्यावं. दगडांचा हंगाम संपला की इथे काट्यांचा सुरू होतो.

त्याचं असं आहे. कापूस वेचणीला आलेला असतो, संत्र्याच्या बागा लगडलेल्या असतात, हरभरा नुकता वर आलेला असतो आणि या सगळ्यावर रानडुकरं अन् रोही डोळा ठेवून असतात. मग शेतकरी बाभळी छाटतो, काट्या बैलगाडीत लादतो आणि धुऱ्यावर कुंपण घालायला निघतो. त्यातलं निम्मं कुंपण वाटेतच, रस्त्याला घातलं जातं.

ऑक्टोबर 2023 मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा आणि सौंसर हे तालुके काढून पांढुर्णा जिल्हा करण्यात आला. सौंसरच्या माणसाला कलेक्टर कचेरीसाठी आता छिंदवाड्याऐवजी पांढुर्ण्याची वाट धरावी लागते. मी उलट्या दिशेने निघालो होतो. "दुपारचं जेवण सौंसरला," असं लॉजवाल्याला ऐटीत सांगितलंही. "कोणत्या दिवशी?" असं त्यानं विचारलं नाही, हा त्याचा चांगुलपणा.

गाव मागे पडतं न पडतं तोच मागचं चाक बसलं. पंक्चर नेहमी मागच्याच चाकाला होतं. पुढचं चाक बिचारं एकटं असतं. मागच्या चाकाभोवती चेन, चेनकव्हर, मडगार्ड, स्टँड, कॅरिअर असं भरलेलं सासर असतं.

जवळच पेट्रोल पंप होता आणि तिथे हवा फुकट होती. पण फुकटची हवासुद्धा ज्याची त्यालाच मिळते. मोटारसायकलच्या व्हॉल्व्हमध्ये पिन असते, ती दाबली की हवा आत जाते. आपल्या साध्या सायकलच्या व्हॉल्व्हला पिन नाही. आत रबराची बारीकशी नळी असते, व्हालट्यूब. पंपावरच्या पोरानं तरीही मोठ्या आशेनं नळी टेकवली. सगळी हवा त्याच्याच तोंडावर गेली. केस सारखे करत तो म्हणाला, "याले नाई बसत जी."

पंक्चरचं दुकान पुढे सापडलं. दुकानदार एका मोटारसायकलच्या ट्यूबलेस टायरात चिकट दोरी खुपसत होता. चाक काढायचं नाही, टायर उघडायचा नाही, गिऱ्हाइकाला उतरायलाही लावायचं नाही. त्यानं माझ्या सायकलकडे पाहिलं.

"सायकल आहे का जी?"

दिसत होती तरी मी हो म्हणालो.

"टाइम लागते मंग."

मध्यंतरी आणखी दोन मोटारसायकली बऱ्या होऊन गेल्या. मग त्यानं पट्ट्या घालून टायरची एक कड उचलली, ट्यूब ओढून काढली, हवा भरली आणि घमेल्यातल्या पाण्यात तिचा एकेक भाग बुडवत नेला. बुडबुडे आले. कानशीनं जागा घासली, सोल्यूशन लावलं, फुंकर मारली, ठिगळ चिकटवलं, हातोडीनं ठोकलं. कौशल्य पाहण्यासारखं होतं, आणि पाहायला गावातली निम्मी पुरुषमंडळी जमलीही होती.

आपल्याकडे पंक्चर एकट्याचं नसतं. पंप कोणाकडेच नसतो, मत मात्र प्रत्येकाकडे असतं. एकजण म्हणाला, "ऊन लागून ट्यूब फुगते." दुसऱ्याचा संशय व्हालट्यूबवर होता. एका आजोबांचं म्हणणं, सायकल चालवत न्यायची वस्तूच नव्हे. ते नागपूरहून सौंसरला येत ते छोट्या गाडीनं, सायकल डब्यात टाकून. ती नॅरोगेज 2015 मध्ये बंद झाली, आता तिथे मोठी लाइन आहे. "मोठ्या गाडीत मजा नाई," आजोबा म्हणाले, आणि माझी ट्यूब विषयातून बाहेर पडली.

धोतरातल्या एका गृहस्थांनी तर मूळच शोधलं. "1956 ले विदर्भ गेला मुंबई राज्यात अन् आमचा छिंदवाडा राहिला मध्य प्रदेशात. तेव्हापासून आमच्या गाडीत हवा नाई." बोलणं मराठी, दुकानाची पाटी हिंदी, सगळा व्यापार नागपूरशी आणि सगळे अर्ज भोपाळला. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, पण ते ठिगळासारखं चिकटवता येत नव्हतं.

पैसे दिले, निघालो. दोन्ही बाजूंना संत्री, पऱ्हाटीवर पांढराशुभ्र कापूस, अंगावर कोवळं ऊन. असं वर्णन मनात जुळवावं, तर चाक पुन्हा बसलं. पुढच्या गावात पुढचा दुकानदार. त्यानं आधीचं ठिगळ पाहून जीभ टाळ्याला लावली. "कोणी लावलं जी हे? काईच्या काई लावलं." मग त्याच्या शेजारीच आपलं लावलं. पुन्हा निघालो, पुन्हा बसलं. ट्यूबचा तेवढा भाग एव्हाना गोधडीसारखा दिसू लागला होता, आणि प्रत्येक कारागीर आधीच्याला नावं ठेवण्यात आधीच्याइतकाच तयार होता.

ढकलत चालताना विचार बरे सुचतात. सायकलसाठी हवेचा टायर 1888 मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपनं केला. तो पशुवैद्य होता. मुलाला तीनचाकीवर दणके बसतात म्हणून त्यानं तिच्या चाकांना रबरी नळ्या लावल्या आणि त्यांत हवा भरली. मूल सुखी झालं. बेलफास्टला बाभूळ नाही. हा गृहस्थ सौंसर तालुक्यात बैल तपासायला आला असता, तर त्यानं मुलाची समजूत काढली असती.

जामसावळी आलं. इथला हनुमान प्रसिद्ध आहे तो पहुडलेला म्हणून. एरवी डोंगर उचलून उड्डाणाच्या तयारीत असणारा देव इथे निवांत आडवा आहे. लांबलांबून लोक दर्शनाला येतात, मंगळवार-शनिवारी तर पाय ठेवायला जागा नसते. माझ्या टायरनंही क्षेत्राचा मान राखला आणि तेच आसन घेतलं.

इथल्या पंक्चरवाल्यानं ट्यूब बुडवली, बुडबुडे पाहिले आणि कानस हातात घेतली. तेवढ्यात शाळेच्या गणवेशातली एक मुलगी हवा भरायला थांबली. मध्य प्रदेशात दुसऱ्या गावच्या शाळेत जाणाऱ्या सहावी-नववीच्या मुलामुलींना सरकार सायकल देतं. त्यामुळे या रस्त्यावर सायकलीचं खरं ज्ञान आता त्यांच्याकडेच शिल्लक आहे. तिनं गोधडी पाहिली.

"काका, सगळे ठिगळ एकाच जागी काहून आहेत?"

एवढ्या वेळात हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. तिनं टायरच्या आतून जपून बोट फिरवलं, एका जागी थांबली, केसांतली पिन काढली आणि टायरमध्ये मोडून राहिलेलं बाभळीचं टोक उकरून बाहेर काढलं. गव्हाच्या दाण्याएवढं असेल.

"काटा तर आतच आहे," ती म्हणाली, हवा भरून घरी निघून गेली.

पंक्चरवाला जराही विचलित झाला नाही. "तो तर आपण काढणारच होतो जी," म्हणाला, आणि ठिगळाचे पूर्ण पैसे घेतले. सौंसरला मी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. हॉटेलात दुपारचं जेवण संपलं होतं, रात्रीचं व्हायचं होतं.

तेव्हा या बाजूला सायकलनं जाणाऱ्यांना एवढंच सांगणं. जरूर जा. नोव्हेंबरातच जा, संत्र्यासाठी दुसरा महिना शोधू नका. सोबत हातपंप असू द्या, जास्तीची व्हालट्यूबही असू द्या. सल्ले सगळे ऐकून घ्या, त्यांचे पैसे पडत नाहीत. पण टायर आतून चाचपून काटा काढल्याशिवाय कोणालाही ठिगळ लावू देऊ नका. पैसे ठिगळाचे मिळतात, काटा काढण्याचे नाही. म्हणून तो तुम्हालाच काढावा लागतो.