बैठकवाले सर

लातूरच्या औसा रोडवर किंवा नांदेडच्या वजिराबादेत एखाद्या घरासमोर चपला फाटकाबाहेर आलेल्या दिसल्या आणि आतून मंत्र, मंगलाष्टकं यांपैकी काहीच ऐकू येत नसेल, तर समजावं की बैठकवाले सर आज पुन्हा फॉर्मात आहेत. या दोन शहरांत चष्मा लावून मराठी पेपर वाचणारा कुणीही ‘सर’ असतो. मग तो प्राध्यापक असो, बँकेतून निवृत्त झालेला असो, नाहीतर खत-बियाणांच्या दुकानाचा मालक. बैठकवाले सर यातले कुणीही असू शकतात. त्यांची खूण एवढीच की दोन-तीन महिन्यांनी त्यांचा सोफा गच्चीवर जातो, दिवाणखान्यात सतरंज्या पडतात आणि चाळीसेक माणसं मांडीला मांडी लावून शास्त्रीय गाणं ऐकायला बसतात.

आपण मोठ्या परंपरेचे पाईक आहोत याबद्दल सरांना तिळमात्र शंका नाही. पुण्याच्या कसबा पेठेत सरदार आबासाहेब मुजुमदारांच्या वाड्यात गणेशोत्सवात गाण्याच्या बैठकी होत, हा दाखला त्यांच्या प्रत्येक प्रास्ताविकात येतो. आबासाहेबांकडे वाडा होता आणि आपल्याकडे टू बीएचके आहे, हा फरक मात्र ते ओघात गाळतात. मुलानं फोनवर सांगितलं, की २००९ साली लंडनमध्ये ‘सोफार साउंड्स’वाल्यांनी लोकांच्या बैठकीच्या खोलीत मैफली सुरू केल्या आणि आता त्या जगभर होतात. सर हसले. “आपल्याकडं हे निजामाच्या काळापासून हाय.” “निजामाच्या काळात चाळीस जणांचा चहा मी करत नव्हते,” वहिनी आतून म्हणाल्या.

नांदेडचे सर आणि लातूरचे सर यांच्यात छुपी चुरस असते. नांदेडकरांकडे पत्ते भारी: सचखंड गुरुद्वाऱ्यातलं रोजचं कीर्तन, गोदाकाठी बंदाघाटावरची दिवाळी पहाट, आणि गुंजकर गुरुजींकडे शिकून पुढं औरंगाबादेत शिष्य घडवणारे पं. नाथराव नेरळकर. त्यात दर फेब्रुवारीत ‘संगीत शंकर दरबार’. तिथं व्यासपीठावरच्या नामवंत गायकाला सर लांबूनच नमस्कार करतात आणि मागं तंबोरा धरलेल्या शिष्याचा नंबर घेऊन घरी येतात. पुढच्या बैठकीचा कलाकार असा ठरतो. लातूरकर सर यावर औशाच्या नाथ संस्थानचं चक्री भजन काढतात आणि ‘तुमच्याकडं हाय का असं?’ म्हणून विषय संपवतात.

खरा घाम फुटतो तो तारीख धरताना. मार्चमध्ये परीक्षा. एप्रिल-मे म्हणजे चाळीस अंशांच्या वरचं ऊन, शिवाय लग्नं. पावसाळ्यात वीज कधी जाईल ते महावितरणलाही माहीत नसतं. डिसेंबर बरा म्हणावा, तर लातुरात येळवस. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला अख्खं शहर भज्जी, आंबील आणि खिचडा खायला शेतात जातं. त्या दिवशी तानसेन आला तरी समोर फक्त सर आणि कूलर असतील.

तारीख ठरली की कलाकार आणायचा. हैदराबादकडून गाडीनं येणारा पाहुणा असेल तर सर त्याला तीनदा बजावतात: ‘लातूर रोड’ नावाच्या स्टेशनवर उतरू नका. ते जंक्शन चाकूर तालुक्यात आहे. तिथून लातूर गाठायला पुन्हा गाडीच लागते. तरीही एखादा तबलजी उतरतोच, आणि मग सरांचा भाचा मोटरसायकलवर डग्गा मांडीवर घेतलेला माणूस घेऊन येतो.

तंबोरा मिरजेचाच हवा, हा सरांचा हट्ट. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेढे लातुरात वाटले गेले. कारण लातूरकर सरांच्या लेखी मिरज हे जवळपास माहेर. बार्शी लाइटची छोटी गाडी १९११ साली लातूरला आली, तीच लाईन पुढं १९२७ मध्ये मिरजेला मिळाली; आणि एप्रिल २०१६ च्या दुष्काळात त्याच मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली. “पाणी आणि सूर, दोन्ही एकाच गावाचं,” असं सर प्रास्ताविकात म्हणतात. हे वाक्य ते आठ वर्षं म्हणत आहेत. पहिल्या रांगेतले लोक त्यांच्याबरोबर ओठ हलवतात.

आणि मग कूलर. मराठवाड्यात मैफलीचा खरा साथीदार तोच. तो लावला की घरघर विलंबित ख्यालाच्या वर चढते. बंद केला की दहा मिनिटांत पहिल्या रांगेतले अण्णा शर्टाची बटणं काढू लागतात. वाळ्याच्या ओल्या हवेनं तबल्याची पुडी सैल पडते आणि काळी चारला लावलेला तबला खाली सरकतो. तबलजी हातोडी काढून गट्टे ठोकतो, एक बोट चाटेवर, कान पुडीला, नजर कूलरवर. गायिका आलापातून न थांबता सरांकडे पाहते. सर उठतात, पाय चुकवत, माफी मागत बटणापर्यंत जातात. कूलर बंद. तबला वर चढतो. अण्णा खाकरतात. कूलर चालू.

एवढ्यात फाटकाशी शेजारच्या वरच्या मजल्यावरचा मुलगा. लातूर पॅटर्ननं शहराला नाव दिलं आणि सरांना नीटची तयारी करणारे शेजारी दिले. “सर, जरा हळू घ्या की, उद्या टेस्ट हाय.” द्रुत रंगात आलेलं, तराणा सुरू झालेला, गायिकेला ‘जरा हळू’ कुणी सांगायचं? २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात रात्री दहानंतर आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल. सर घड्याळ पाहतात. पावणेदहा. “पंधरा मिनिटं. मग भैरवी. सुशीला खाऊन जा.” मुलगा विचार करतो आणि मागच्या रांगेत बसतो.

दहाला भैरवी संपते आणि चुरमुऱ्यांच्या सुशीलाची परात बाहेर येते. ऐच्छिक देणगीच्या डब्याला वळसा घालून लोक परातीकडे जातात. डब्यात निघतं त्याच्या तिप्पट रक्कम सर स्वतःच्या पाकिटातून घालतात, लिफाफ्यावर ‘सस्नेह’ लिहितात, आणि मानधन देताना गायिकेपेक्षा जास्त लाजतात.

सोफा खाली आणताना एका टोकाला सर असतात, दुसऱ्या टोकाला वहिनी.

“कसं झालं गं गाणं?”

“अहो, तुम्ही समोरच होता की.”

“मी कुठं ऐकलं? चपला, चहा, कूलर…”

“यमन चांगला लागला होता. तबला उतरला म्हणून बाईंनी विलंबित आवरतं घेतलं. पण तराण्यात भरून काढलं हं.” पोहे-चुरमुऱ्यांच्या मधून वहिनींनी सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना-नानी पार्कात सरांभोवती कोंडाळं जमलं. “काल यमन चांगला लागला,” सर डोळे मिटून म्हणाले. “तबला जरा उतरला, म्हणून विलंबित आवरतं घ्यावं लागलं त्यांना. तराण्यात भरून काढलं म्हणा.” दोघं-तिघं कौतुकानं मान हलवू लागले. अण्णांनी विचारलं, “पुढची बैठक कधी, सर? आणि कूलर नवा घेणार का?”