जेवायचं इथं, नाचायचं तिथं

बेळगावात गल्लीगणिक एक मामा असतो. तो कुणाचा तरी सख्खा मामा असतोच, पण पाव्हणा कुणाच्याही घरी उतरलेला असो, त्याला ‘कुठं काय मिळतं’ हे सांगायचं काम याच्याकडंच येतं. येतं कसलं, तो ते ओढून घेतो. पाव्हण्याची बॅग जिन्यावर असतानाच मामा खालून विचारतो, “रात्री जेवायला कुठं?” आणि पाव्हण्यानं तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगतो, “तिथं नको.”

मामाची सगळी विद्या या ‘नको’त आहे. कुठला आचारी कुठून फुटून कुठं गेला, कुठल्या हॉटेलवाल्या भावाभावांत वाटणी झाली, वाटणीत पाटी कुणाकडं आली आणि मसाल्याचं गुपित कुणाकडं राहिलं, ही बित्तंबातमी त्याच्याकडं असते. त्याला स्वतःला मात्र हॉटेलात बसून पोटभर जेवताना कुणी पाहिलेलं नाही. सकाळी फिरून येताना उडुप्याकडं उभ्या उभ्या इडली-वडा आणि चहा, एवढाच त्याचा हॉटेलशी प्रत्यक्ष संबंध. रात्री साडेआठला तो घरची भाकरी खातो आणि नऊला गेटला कुलूप लावतो. तरीही नियाज हॉटेलच्या बिर्याणीवर तो असा बोलतो, की ऐकणाऱ्याला वाटावं, भटारखान्याची किल्ली याच्याच खिशात आहे.

मामा पत्ता सांगतो तोही ऐकण्यासारखा असतो. गावाचं नाव २०१४ साली कागदोपत्री बेळगावी झालं, ते मामानं वर्तमानपत्रात वाचलं आणि घडी घालून ठेवून दिलं. बोगारवेशीचा धर्मवीर संभाजी चौक झाला, गोवावेशीचं बसवेश्वर सर्कल झालं, पण मामा वेशीच सांगणार. पाव्हण्याच्या मोबाइलमधली बाई नवी नावं सांगते, मामा जुनी सांगतो आणि पाव्हणा चन्नम्मा सर्कलला तिसरी फेरी मारतो. शेवटी कंटाळून तो कुणाला तरी विचारतो. तो कुणीतरी दुसऱ्या गल्लीचा मामा निघतो. “कुणी सांगितलं तुम्हाला तिथं जायला?” इथून मग सगळं पुन्हा सुरू.

अशा मामाकडं गेल्या साली पुण्याची भाची आली, नवऱ्याला घेऊन. लग्नाचा वाढदिवस इथंच साजरा करू म्हणाली. मामाला आनंद झाला. कॅम्पातला कुंदा आधीच आणून ठेवला होता, मांडे सांगून ठेवले होते. तेवढ्यात जावईबापू म्हणाले, “मामा, डिनर आणि डान्स दोन्ही असेल अशी एखादी जागा सांगा ना.”

मामानं आधी स्वयंपाकघराकडं बघितलं. मामी फोडणीत होत्या. मग त्यानं खुर्ची पुढं ओढली आणि आवाज खाली आणला. “जावईबापू, तसलं इथं काय न्हाय. तुमच्या महाराष्ट्रात डान्स बार होते, ते २००५ साली आर. आर. आबांनी बंद केले. मग सुप्रीम कोर्टानं काय केलं ते तुम्ही बघा. पण पोरीला घेऊन तसल्या ठिकाणी…”

भाची किंचाळली, “मामा! आम्ही नाचायचं! आम्ही दोघं!”

याचा मामाला जास्त धक्का बसला. दुसऱ्याला पैसे देऊन नाच बघणं वाईट, हे त्याला समजत होतं. पैसे देऊन आपणच नाचायचं, आणि ते जेवणाच्या बिलातून कापून घ्यायचे, हा हिशेब त्याला बसेना.

पण माहीत नाही असं म्हणणारा मामा अजून जन्माला यायचाय. त्यानं बोटं मोडत गाव चाळायला घेतलं. खडेबाजार, तिथं जेवण आहे, पण पाय ठेवायला जागा नाही, नाचणार कुठं? टिळकवाडीत फॅमिली रेस्टॉरंटं आहेत, पण फॅमिली म्हणजे पडदा, आणि पडद्याआड गोबी मंचुरी. खानावळीत भाकरी, एणगाई, शेंगा-चटणी एक नंबर, पण ते खाऊन माणूस उठतो तेच मुश्किलीनं. हायवेला बार अँड रेस्टॉरंट आहेत, तिथं साडेदहानंतर काही लोक नाचतात खरे, पण त्यांना ते दुसऱ्या दिवशी आठवत नाही. सगळीकडं पाटी कन्नडात, मेन्यू इंग्रजीत, मालक-वेटर आपसांत तुळूत, गिऱ्हाइकाचं भांडण मराठीत आणि बिल कुणालाही वाचता येईल असं.

“नर्तकी आहे बघा एक,” मामा म्हणाला. जावईबापू सरसावून बसले. “थेटर हाय. स्वरूप-नर्तकी.”

मग त्यानं निपाणीला फोन लावला. तिथं त्याचा मावसभाऊ असतो, म्हणजे तिथला मामा. हा नमुना जरा वेगळा. बेळगावचा मामा गावाबाहेरच्या कुठल्याही जेवणाला नाव ठेवतो, आणि निपाणीचा मामा गावातल्या जेवणाला. त्याचं तोंड कायम उत्तरेला. कोल्हापूर चाळीस किलोमीटर, गाडी काढली की तांबडा-पांढरा रस्सा. निपाणीकराला सीमा ही फक्त निवडणुकीत आणि कोगनोळीच्या टोलनाक्यावर दिसते. त्यांचं देवचंद कॉलेजसुद्धा अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्रात. रात्री जेवून शतपावलीला बाहेर पडलेला माणूस पानाच्या नादात राज्य ओलांडून येतो आणि घरी काही बोलत नाही. या मामानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “नाच म्हंजे लावणी का?” नाही म्हटल्यावर त्याचा उत्साहच गेला. “मग कशाला एवढ्या लांब याचं? वरातीत नाचा की.”

आता या सल्ल्यात काही चूक आहे असं मला वाटत नाही. बेळगावचा माणूस नाचत नाही असं कोण म्हणेल? गणपतीच्या विसर्जनाला इथली मिरवणूक आज संध्याकाळी निघते आणि शेवटचा गणपती कपिलेश्वराच्या तळ्यात उतरतो तो उद्या दुपारनंतर. लोकमान्य टिळक १९०५ साली इथं आले आणि झेंडा चौकात सार्वजनिक गणपती सुरू झाला असं सांगतात. त्यांनी तेव्हा काय योजलं होतं ते त्यांना माहीत, पण त्या गणपतीपुढं पुढच्या पिढ्यांनी रात्र रात्र नाचून घेतलं. शिवजयंतीच्या चित्ररथांपुढं तेच. नगरसेवक नाचतात, सराफ नाचतात, बँकेचे मॅनेजर नाचतात. पण रस्त्यावर, चपला हातात घेऊन, आणि पोटात काही नसताना. जेवण नंतर घरी. नाच आणि जेवण एका छपराखाली आणायचं ही कल्पनाच गावाला कधी सुचली नाही, कारण छपराची अडचण नाचाला होते आणि नाचाची पानाला.

“नाच बघायचाच असला तर डिसेंबरात यावा,” मामा म्हणाला. “२०१२ ला सुवर्णसौध बांधलाय. विधिमंडळाचं अधिवेशन भरतंय.” यावर तो स्वतःच बराच वेळ हसला. त्या दिवसांत आमदार-अधिकाऱ्यांनी गावातली लॉजं भरलेली असतात आणि मामाला पाव्हण्यांची सोय स्वतःच्या माडीवर करावी लागते, हा सल त्यात होताच.

राहिला गोवा. हे बेळगावच्या प्रत्येक मामाचं शेवटचं उत्तर. चोर्ल्याच्या घाटानं उतरलं की पणजी, मांडवीत कॅसिनोची जहाजं, दिवे, बँड, काय पाहिजे ते. गोव्याला भाजी बेळगावनं पाठवायची आणि नाच गोव्यानं करायचा, अशी वाटणी होऊन बसलीय. पण आठवडाभर पाऊस होता. घाटात दरड, धुकं, आणि रात्री परत येताना ड्रायव्हिंग कोण करणार, या प्रश्नावर मामानं जावईबापूंकडं असं पाहिलं, की त्यांनी स्वतःच गोवा रद्द केला.

मामा हरला, असं वाटून भाची स्वयंपाकघरात जायला उठली. तेव्हा त्यानं कपाट उघडलं, शर्टांच्या खालून एक पत्रिका काढली आणि पत्त्यातला एक्का टाकावा तशी टेबलावर टाकली. सेंट पॉल्स शाळेतला त्याचा वर्गमित्र, कॅम्पातला. त्याच्या मुलीचं लग्न, उद्या. चर्चमध्ये चार वाजता आणि रिसेप्शन सात वाजता, बँडसकट. “हाय की! कॅम्पात जेवण आणि नाच दोन्ही असतंय, मी कवाच सांगूलालो न्हवं?” कधीच सांगितलेलं नव्हतं.

कॅम्प हे बेळगावातलं वेगळं गाव आहे. छावणी इंग्रजांची, सेंट पॉल्स १८५६ चं, आणि तिथले गोव्याकडचे ख्रिस्ती लोक नाच शिकायला कुठल्या क्लासला जात नाहीत. घरात आजीच शिकवते. मामा पन्नास वर्षं अशा लग्नांना जातो आणि तिथला क्रम त्याला पन्नास वर्षं पटलेला नाही. आपल्याकडं मुहूर्त चुकला तरी पंगत चुकत नाही. तिथं नवरा-नवरी येणार, टोस्ट होणार, केक कापणार, मग नाच, मग आणखी नाच, आणि जेवणाचं झाकण दहाच्या पुढं कधीतरी उघडणार. म्हणून मामा घरून भाकरी खाऊन निघतो. त्या दिवशी मामींनी स्वयंपाकच केला नाही. “तिथं आहेच की जेवण,” म्हणाल्या.

भाची आणि जावईबापू पहिल्या गाण्यालाच उठले. चांगले नाचले. एका म्हाताऱ्या मावशीनं जावईबापूंचा हात धरून पावलं नीट केली, तशी ते जास्तच चांगले नाचले. मामा खुर्चीवर, मांडीवर सगळ्यांच्या पर्सा, डोळे बुफेच्या टेबलावर. साडेनऊला त्यानं एकदा झाकण उचलून बघितलं. पलीकडून कुणी तरी म्हणालं, “अंकल, सोरपोतेल.” मामानं झाकण परत ठेवलं आणि पुलावाचं टेबल कुठलं ते आधी विचारून घेतलं.

साडेदहाला बँडनं ‘मसाला’ सुरू केला, म्हणजे कोकणी गाण्यांची एकामागून एक लड. हॉलमधल्या सगळ्यांनी पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून रांग धरली. मामाला वाटलं ही जेवणाची रांग. तो ताट घेऊन मध्ये शिरला. रांग बुफेजवळून गेली आणि थांबली नाही. दुसऱ्या फेरीला मामानं चालता चालता पुलाव वाढून घेतला, तिसऱ्या फेरीला रस्सा, आणि चौथ्या फेरीला ताट वर धरून, मागच्या मावशीचा हात खांद्यावर तसाच ठेवून, तो ओरडून जावईबापूंना सांगत होता, “इथलं पापड घेऊ नका, मऊ पडलंय!”